मानवी त्वचावर्णाचे वस्तुनिष्ठ वर्गीकरण : एका मापनाचा इतिहास

रुग्णाच्या अंगाचा वर्ण पाहणे ही वैद्यकातील फार जुनी परीक्षा होय. पांडुरता रक्तक्षय सुचविते, डोळ्यांतील व त्वचेवरील पिवळेपणा काविळीची सूचना देतो, ओठांवर व नखांवर उमटलेली निळसर छटा रक्तातील प्राणवायू उणावल्याचे सांगते. परंतु या खुणा ज्या पटावर उमटतात तो पट, म्हणजे रुग्णाची स्वाभाविक त्वचा, सर्वांची सारखी नसते. गौर त्वचेवर जी निळसर छटा सहज दिसते ती सावळ्या त्वचेवर झाकली जाते. म्हणून मूळ वर्ण कोणता, याची निश्चित नोंद करता येणे ही केवळ शास्त्रीय हौस नव्हे. निदानाची व उपचाराची ती गरज आहे.

ही नोंद शब्दांनी होण्यासारखी नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशी शब्दांची उतरंड मराठीत आहे आणि हरवलेल्या माणसांच्या निवेदनांपासून विवाहविषयक जाहिरातींपर्यंत ती सर्वत्र वापरली जाते. पण हे शब्द सापेक्ष आहेत. एका घरात सावळी म्हणून गणली जाणारी मुलगी दुसऱ्या घरात गव्हाळ ठरते. शिवाय या शब्दांत वर्णनाबरोबर मूल्यनिर्णयही दडलेला असतो. ज्याचे वर्णन करावयाचे त्याचे मोल ठरविणारा शब्द शास्त्राच्या उपयोगाचा नाही. शब्दाऐवजी अंक यावा, असा प्रयत्न गेली सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. या प्रयत्नाचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. त्वचावर्णाचे प्रत्येक मापन कोणत्या तरी विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जन्मास आले; आणि एका प्रश्नासाठी घडविलेले माप दुसऱ्याच प्रश्नाला लावले गेले तेव्हा बहुधा घोटाळा झाला.

१. कागद, काच आणि भोवरा

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८५९ साली पॅरिस येथे मानवशास्त्र-मंडळाची स्थापना केली. दूरदेशी जाणाऱ्या प्रवाशांनी व संशोधकांनी तेथील लोकांची नोंद कशी करावी, यासाठी पुढील दशकात त्यांनी ज्या सूचना सिद्ध केल्या त्यांत त्वचा, केस व डोळे यांच्या छटांचा क्रमांकित तक्ता होता. प्रवाशाने वर्णनाचे शब्द न लिहिता, जुळणाऱ्या छटेचा क्रमांक लिहावा अशी योजना होती. कल्पना योग्य होती. साधन मात्र दुबळे होते. छापील रंग काळाने विटतो, एका आवृत्तीतील छटा दुसऱ्या आवृत्तीत तंतोतंत उतरत नाही, आणि कागदाच्या सपाट रंगाला जिवंत त्वचेचा अर्धपारदर्शकपणा नसतो.

विटण्याचा दोष बर्लिन येथील मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी दूर केला. त्यांनी फिकट छटेपासून गडद छटेपर्यंत छत्तीस अपारदर्शक काचतुकड्यांची श्रेणी तयार केली. ज्या भागावर ऊन पडत नाही अशा भागाजवळ, उदाहरणार्थ दंडाच्या आतील बाजूस, हे तुकडे धरून जुळणारा क्रमांक नोंदवावयाचा असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही श्रेणी जगभर वापरली गेली. तिच्यातही दोन मूलभूत दोष होते. पहिला असा की, त्वचेच्या वर्णात काळेपणाबरोबर लाली व पिवळसरपणा यांचेही प्रमाण बदलत असते. हा बहुमित फरक एका सरळ रांगेत बसविला म्हणजे पुष्कळांच्या त्वचेला तंतोतंत जुळणारा तुकडाच सापडत नाही. दुसरा दोष असा की, निवाडा अखेर पाहणाराच्या डोळ्यावर व त्या वेळच्या उजेडावर अवलंबून राही. एकाच माणसास दोन निरीक्षकांनी दोन क्रमांक द्यावेत, हे नित्याचे होते.

या साधनांमागील प्रश्न वैद्यकीय नव्हता. मानवजातीचे वंश किती व कोणते, हा तो प्रश्न होता. आणि वसाहतींच्या त्या काळात या प्रश्नाला उच्चनीचतेची कल्पना चिकटलेली होती. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १९११ साली लंडन येथे भरलेल्या जागतिक वंश-परिषदेत स्वतः फॉन लुशान यांनी असे प्रतिपादन केले की, त्वचेचा व केसांचा वर्ण हा परिसराचा परिणाम आहे, आणि युरोपीय लोक गौर आहेत ते त्यांचे पूर्वज हजारो वर्षे सूर्यप्रकाश कमी असलेल्या प्रदेशात राहिले म्हणून. ज्याने वर्णाचे सर्वमान्य माप घडविले, त्यानेच वर्णाला वंशश्रेष्ठतेचा पुरावा मानण्यास नकार दिला.

मापन प्रामाणिक असेल तर ते आपल्या प्रायोजकाच्या गृहीतकालाही उलटविते, याचे मराठी वाचकास जवळचे असे उदाहरण त्याच बर्लिनमध्ये पुढे घडले. इरावती कर्वे यांनी तेथील कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. विषय त्वचेचा नव्हता. पण प्रश्नाचा साचा तोच होता. वंशावंशांत या बाबतीत भेद असावा ही फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून तिला आधार मिळाला नाही, आणि त्यांनी तसे नमूद केले.

दरम्यान अमेरिकेत चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी निराळे साधन निवडले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिरत्या रंगचकत्यांवर प्रयोग करून रंगमिश्रणाचे नियम पडताळले होते. त्याच तत्त्वावर मिल्टन ब्रॅडली या खेळणी करणाऱ्या कंपनीने मुलांसाठी रंगीत भोवरा विक्रीस आणला. त्यावर काळी, पांढरी, तांबडी व पिवळी अशा चार चकत्या एकमेकींत अडकविलेल्या असत. भोवरा फिरताना दिसणारा रंग त्वचेशी जुळेपर्यंत चकत्यांचे उघडे भाग कमीअधिक करावयाचे आणि प्रत्येकीचे शेकडा प्रमाण लिहून घ्यावयाचे. वर्णाचे घटकवार आकडे मिळू लागले ते या खेळण्यामुळे. बर्म्युडा व जमेका येथील मिश्र कुटुंबांची अशी मोजणी वापरून डॅव्हनपोर्ट यांनी १९१३ साली निष्कर्ष काढला की, कृष्ण व गौर यांच्यातील वर्णभेद आनुवंशिक घटकांच्या दोन जोड्यांनी ठरतो. डॅव्हनपोर्ट हे सुप्रजननवादाचे अमेरिकेतील प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि माणसांची मोजक्या खणांत विभागणी होणे त्या विचारसरणीला सोयीचे होते. आकडा आला म्हणजे वस्तुनिष्ठता आली असे नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होय.

२. परावर्तित प्रकाशाचे मापन

डोळ्याची जागा यंत्राने घेतली ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील आर्थर हार्डी यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा आलेख आपोआप काढणारे वर्णपटमापक यंत्र सिद्ध केले. त्याच्या साहाय्याने एडवर्ड्स आणि डन्टली यांनी जिवंत मानवी त्वचेचा अभ्यास करून १९३९ साली तो प्रसिद्ध केला. त्वचेचा वर्ण एका रंगद्रव्याचा नसून मेलॅनिन, त्यापासून झालेले मानले गेलेले मेलॅनॉइड, कॅरोटीन, प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन व प्राणवायुविरहित हिमोग्लोबिन या पाच द्रव्यांचा, तसेच त्वचेत होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचा तो एकत्रित परिणाम आहे, असे त्यांनी दाखविले. 'वर्ण कोणता' या प्रश्नाऐवजी 'कोणते द्रव्य किती प्रकाश शोषते' हा प्रश्न येथे पुढे आला.

हार्डी यांचे यंत्र प्रयोगशाळेतून हलविता येण्यासारखे नव्हते. १९५१ साली जोसेफ वायनर यांनी क्षेत्रीय कामासाठी सुटसुटीत परावर्तनमापकाची शिफारस केली. पिल्टडाउनच्या बनावट कवटीचे बिंग फोडणाऱ्यांपैकी हेच वायनर होत. त्या यंत्रात नऊ रंगगाळण्या असत. प्रत्येक गाळणीतून त्वचेवर प्रकाश टाकून, पांढऱ्या प्रमाणफलकाच्या तुलनेत शेकडा किती प्रकाश परतला ते मोजले जाई. यांपैकी ६८५ नॅनोमीटर तरंगलांबीची तांबडी गाळणी सर्वांत उपयुक्त ठरली. या टोकाला हिमोग्लोबिन फारच थोडा प्रकाश शोषते. त्यामुळे रक्ताचा व्यत्यय कमी होऊन मेलॅनिनचे प्रमाण निराळे काढता येते. श्रमाने चेहरा लाल झालेला असो वा नसो, दंडाच्या आतील बाजूचे हे माप फारसे हलत नाही.

या मापनाने डॅव्हनपोर्ट यांच्या निष्कर्षाची फेरतपासणी झाली. हॅरिसन आणि ओवेन यांनी लिव्हरपूल येथील युरोपीय, पश्चिम आफ्रिकी व मिश्र कुटुंबांच्या परावर्तनमापनावरून १९६४ साली दाखविले की, हा भेद समजावून देण्यास निदान तीन-चार जनुकजोड्या लागतील. पुढे २००५ साली 'एसएलसी२४ए५' या जनुकाचा वाटा सिद्ध झाला आणि २०१३ साली दक्षिण भारतातील लोकांच्या त्वचेचे यंत्राने मापन करून त्याच जनुकाचा तेथील प्रभाव तपासला गेला. आज या गुणाशी संबंधित अनेक जनुके ज्ञात आहेत. माप जसजसे सूक्ष्म झाले तसतसे वंशांचे सुटे खण विरघळले आणि त्यांच्या जागी अखंड उतरण दिसू लागली.

तथापि यंत्रे आली म्हणून सर्व अडचणी संपल्या नाहीत. इंग्लंडातील व अमेरिकेतील यंत्रांच्या गाळण्या वेगळ्या असल्याने त्यांचे आकडे परस्परांशी जुळत नसत. १९६७ साली गॅरर्ड, हॅरिसन व ओवेन यांना दोन्ही यंत्रांची तुलना करून दाखवावी लागली. यंत्राचे तोंड त्वचेवर जोराने दाबले तर रक्त बाजूला सरते आणि आकडा बदलतो. कपाळाचे माप व दंडाचे माप एक नसते. उन्हाळ्यातले व पावसाळ्यातले एक नसते. म्हणून कोणत्या यंत्राने, कोठे व केव्हा मोजले हे सांगितल्याविना परावर्तनाचा आकडा अपुरा राहतो.

३. वर्ण नव्हे, प्रतिक्रिया

वैद्यकाने स्वतःच्या गरजेतून घडविलेले व सर्वांत प्रसिद्ध झालेले वर्गीकरण मात्र वर्णाचे नव्हतेच. बावचीच्या बिया पोटात देऊन वा लेप लावून रुग्णास उन्हात बसविणे हा कोडावरील भारतीय वैद्यकातील जुना उपचार आहे. तीतील सोरालेन हे द्रव्य त्वचेला प्रकाशसंवेदी करते. याच वर्गातील एक औषध व दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण यांच्या संयोगाने सोरायसिस बरा होऊ शकतो, असे १९७४ साली पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम व पाठक यांनी प्रसिद्ध केले. किरणांची पहिली मात्रा किती द्यावी, हा व्यावहारिक प्रश्न तत्काळ उभा राहिला. मात्रा अधिक झाली तर त्वचा भाजून निघे. केसांच्या व डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरविण्याचा प्रयत्न फसला. काळे केस व तपकिरी डोळे असलेल्या काही गौर रुग्णांना ती सोसली नाही.

तेव्हा टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली रंग पाहण्याऐवजी रुग्णास विचारण्याची पद्धत सुचविली. उन्हाळ्याच्या प्रारंभी, पहिल्याच कडक उन्हानंतर दुसऱ्या दिवशी त्वचा किती दुखते, आणि आठवड्याने ती किती रापते, हे ते दोन प्रश्न. उत्तरांवरून गौर लोकांचे चार प्रकार पाडले गेले: नेहमी भाजणारा व कधीच न रापणारा तो पहिला, जवळजवळ न भाजता चांगला रापणारा तो चौथा. तपकिरी व काळ्या त्वचेच्या लोकांसाठी पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडण्यात आला. म्हणजे पहिले चार प्रकार प्रतिक्रियेवर आणि उरलेले दोन दिसण्यावर ठरले. एकाच श्रेणीत दोन भिन्न कसोट्या आल्या.

मूळ कामापुरती ही पद्धत चोख होती. पुढे मात्र ती त्वचावर्णाचे सर्वसाधारण माप म्हणून ग्रंथांत, औषधचाचण्यांत, लेसर-उपचारांत आणि अलीकडे छायाचित्रांवरून रोग ओळखणाऱ्या संगणक-प्रणालींतही शिरली. रुग्णास प्रश्न न विचारता, वैद्याने पाहूनच प्रकार लिहावा असा प्रघात पडला. हिवाळाभर झाकलेल्या अंगावर पडणारे वर्षातील पहिले ऊन, ही मूळ प्रश्नातील कल्पना बारमाही उन्हात वावरणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्यास लागूच पडत नाही. ज्याची त्वचा कधी भाजून सोलली गेली नाही त्याने 'किती दुखते' याचे काय उत्तर द्यावे? परिणामी भारतीयांची फार मोठी संख्या चौथ्या-पाचव्या खणात कोंबली जाते आणि तिच्यातील वास्तविक वैविध्य नोंदीबाहेर राहते. फिट्झपॅट्रिक यांचा दोष एवढाच की, त्यांचे माप वापरण्यास फार सोपे होते.

४. बोटावरील यंत्र

चुकीचे वा अपुरे वर्गीकरण रुग्णाच्या जिवावर कसे बेतू शकते, हे नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणाऱ्या ऑक्सिमीटर यंत्राच्या उदाहरणावरून कळते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश पाठवावयाचे. नाडीबरोबर बदलणारा शोषणाचा अंश तेवढा वेगळा काढला म्हणजे धमनीतील रक्ताचे मोजमाप होते. त्वचेतील मेलॅनिन नाडीबरोबर बदलत नाही. सबब त्याचा परिणाम गणितातून गळून जावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो पुरता गळून जात नाही.

१९९० सालीच जुब्रान व टोबिन यांनी कृष्णवर्णी रुग्णांत हे यंत्र अधिक वेळा चुकते असे निदर्शनास आणले होते. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २०२० च्या डिसेंबरात मिशिगन येथील स्योडिंग व सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येच्या नोंदी तपासल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के असा समाधानकारक आकडा दाखवीत असताना धमनीतील प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे प्रकार गौर रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णी रुग्णांत ११.७ टक्के आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि तीत आरोग्यपथके घरोघर जाऊन लोकांच्या बोटांना हेच यंत्र लावीत होती. कोणाला रुग्णालयात न्यावे व कोणाला घरी ठेवावे, हे पुष्कळदा त्यावरील दोन अंकांवरून ठरे.

या संशोधनातील एक उणीव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. रुग्णांची विभागणी त्यांनी स्वतः सांगितलेल्या वंशावरून झाली होती. त्वचा कोणीही मोजली नव्हती. अमेरिकेत कृष्णवर्णी म्हणविणाऱ्यांत फिकट तपकिरीपासून अत्यंत गडद वर्णापर्यंतचे लोक असतात. त्यामुळे चूक मेलॅनिनमुळे किती व अन्य कारणांमुळे किती, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. आणि भारतीय त्वचेसंबंधी काही अनुमान काढणे तर त्याहून कठीण. यंत्रांना मान्यता देण्याच्या नियमांतही हीच संदिग्धता होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार चाचणीसाठी दहा व्यक्ती, आणि त्यांत निदान दोन किंवा पंधरा टक्के 'गडद वर्णाच्या' व्यक्ती असल्या म्हणजे पुरत असे. गडद कोणास म्हणावे हे मोजण्याचे साधन त्यात सांगितलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाचा शब्द एकविसाव्या शतकातील नियमात जसाच्या तसा राहिला होता.

५. वर्गीकरणाची कसोटी

जानेवारी २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात चाचणीतील व्यक्तींची संख्या दीडशे वा अधिक असावी असे सुचवून, त्वचावर्णासाठी दोन मापे एकत्र वापरण्यास सांगितले. त्यांपैकी एक डोळ्याचे आहे व दुसरे यंत्राचे.

डोळ्याचे माप म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली व २०२२ साली गूगल कंपनीच्या सहकार्याने प्रसिद्ध झालेली दहा छटांची श्रेणी. ती फॉन लुशान यांच्या काचतुकड्यांचीच वंशज होय. परंतु तिचा हेतू वंश ठरविण्याचा नसून कोणत्याही छटेचे लोक चाचणीतून वगळले जाऊ नयेत हा आहे. यंत्राचे माप म्हणजे १९९१ साली शार्दों व सहकाऱ्यांनी मांडलेला त्वचावर्णाचा कोन. आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने १९७६ साली ठरविलेल्या रंगमापनात उजळपणाचा एक आकडा व निळा-पिवळा या अक्षावरील दुसरा आकडा असतो. उजळपणातून पन्नास वजा करून बाकीस पिवळेपणाने भागले आणि त्या गुणोत्तराचा कोन अंशांत काढला की त्वचेचा वर्ण एका संख्येत येतो. ५५ अंशांच्या वर अतिगौर आणि उणे ३० अंशांच्या खाली गडद अशा सहा श्रेणी त्यावरून करतात.

या वर्गीकरणातही सीमारेषा माणसांनीच आखल्या आहेत, हे विसरता येत नाही. मध्यम श्रेणी २८ ते ४१ अंश, म्हणजे अवघी तेरा अंशांची. तपकिरी श्रेणी मात्र उणे ३० पासून १० पर्यंत चाळीस अंशांची. फिट्झपॅट्रिक यांच्या श्रेणीत चार खण गौर लोकांना आणि उरलेल्या जगाला दोन, असा जो विषमपणा होता त्याचेच हे सौम्य रूप होय. मोजपट्टी घडविणारे जेथे राहतात तेथे तिच्यावरील रेघा दाट असतात. याचा उपाय मोजपट्टी टाकून देणे हा नव्हे. खणाचे नाव लिहून न थांबता मूळ अंश नोंदविणे हा आहे. खण नंतर बदलता येतात, न नोंदलेला अंश परत मिळत नाही.

वस्तुनिष्ठता केवळ यंत्रात नसते, आणि यंत्राविना ती टिकतही नाही. किरणांची मात्रा ठरवावयाची असेल तर त्वचेच्या लहानशा भागावर ती देऊन किमान किती मात्रेने लाली येते हे पाहणे, हेच सरळ माप. तेथे वर्णाचा अंक दुय्यम होय. यंत्रातील प्रकाशाला मेलॅनिन कितपत अडविते हे पाहावयाचे असेल तर परावर्तन मोजावे, आणि ते जेथे यंत्र लागते त्या बोटाशीच मोजावे. समाजात वर्णावरून होणाऱ्या पक्षपाताचा अभ्यास करावयाचा असेल तर लोकांच्या डोळ्यांना काय दिसते हेच मोजावयाचे असते. तेथे छटांची श्रेणी यंत्राहून योग्य ठरेल. आणि वंश कोणता, या जुन्या प्रश्नाला यांपैकी कोणतेही माप उत्तर देत नाही.

भारतीय वैद्यकासमोर यातून एक निश्चित काम उभे राहते. पाश्चात्त्य श्रेणीतील चौथा वा पाचवा प्रकार असे लिहून नोंद पुरी करण्याची सवय सोडून, यंत्र, अवयव, ऋतू व मूळ आकडा यांसह येथील त्वचांचे मापन झाले पाहिजे. एकाच तालुक्यात, किंबहुना एकाच कुटुंबात, वर्णाचे जेवढे अंतर आढळते तेवढे ज्या श्रेणीत मावत नाही, ती श्रेणी येथील रुग्णाच्या बोटावरील अंकाचा भरवसा देऊ शकणार नाही.